ताकावर लोणी येईना : उत्तरेश्वर पेठेतलं एक प्रकरण

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आत्तीचा फोन आला, तो थेट मुद्द्यावर. "पोरी, तीन आठवडं झालं, लोणी येईना बघ. घुसळून घुसळून खांदा भरून यायलाय, पण ताकावर कण म्हणून दिसंना. माझ्या हाताचं यशच गेलं म्हणायचं."

शेवटचं वाक्य ती सहज बोलून गेली, पण मला ते लागलं. आत्ती एकाहत्तर वर्षांची आहे. कोल्हापुरातल्या उत्तरेश्वर पेठेतल्या त्या घरात पन्नास वर्षं तिनं ताक केलंय. आमच्यात कुणाचं बाळंतपण असो नाहीतर दिवाळी असो, तूप आत्तीकडचंच. तिच्या हातावर उगाच आळ येऊ नये म्हणून मी या प्रकरणात पडले, आणि खोलात गेले तसा माझा रोजचा विषयच त्यात निघाला. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. पेशीपटल म्हणजे पेशीभोवतीचं पातळ आवरण, ते ज्यांचं बनतं ती फॉस्फोलिपिडं, त्यांचा दुहेरी थर हे सगळं दरवर्षी फळ्यावर काढते. आत्तीच्या डेऱ्यात नेमकं तेच अडलेलं होतं.

हकीकत

चैत्रापर्यंत आत्तीकडं गल्लीतल्या गवळ्याचं म्हशीचं दूध यायचं, रोज दोन लिटर. त्यांचं वय झालं, मुलं नोकरीला लागली, म्हशी विकल्या. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून मिरवणारी ती म्हसरं गल्लीतून शेवटची गेली तेव्हा आत्ती दारात उभी राहून रडली होती. तेव्हापासून पिशवीचं दूध सुरू झालं, तेही दोनच लिटर. बाकी रीत तीच. दूध तापवायचं, गार झालं की फ्रीजमध्ये ठेवायचं, सकाळी साय काढायची, आठवड्याची साय साठली की विरजण लावायचं आणि दुसऱ्या दिवशी घुसळायचं.

"साय तरी धरती का?" मी विचारलं.

"धरती, पण कागदासारखी. म्हशीच्या दुधाची कशी भाकरीसारखी उचलून यायची!"

हे मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. निम्मा उलगडा त्या एका वाक्यातच होता, पण तेव्हा तो मला दिसला नाही.

घरात तीन मतं होती. शेजारच्या काकूंचं म्हणणं, दूध भेसळीचं. मामांचं, म्हणजे आत्तीच्या यजमानांचं म्हणणं, उन्हाळाच असा आहे, सगळ्यांचंच लोणी पातळ होतंय. आणि आत्तीचं म्हणणं, हात चालत नाहीत आता.

आधी काय वगळलं

भेसळीचा संशय आधी मिटवायला हवा होता. थोडं दूध उकळून पूर्ण गार केलं आणि त्यात टिंक्चर आयोडिनचे तीन थेंब टाकले. निळं झालं नाही, म्हणजे पिठाची, स्टार्चची भेसळ नव्हती. पण पाणी घातलंय का, फॅट काढून घेतलंय का, हे आयोडिन सांगत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेत काम करतात. त्यांना गाठलं. "फॅट मोजायचं मशिन आहे, पण तुम्हाला बघायचंच असेल तर जुन्या बाटलीत लावून दाखवतो," म्हणाले.

ही जुनी बाटली म्हणजे गर्बर पद्धतीची. आधी १० मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल, त्यावर १०.७५ मिलिलिटर दूध, मग १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवली की बाटली हातात धरवत नाही इतकी तापते, आतलं सगळं तपकिरी-काळं होतं. मग यंत्रात घालून गरगर फिरवायची आणि ६५ अंशांच्या पाण्यात उभी करायची. बारीक मानेत पिवळसर, नितळ चरबीचा स्तंभ वर चढतो. तो मोजायचा.

पिशवीच्या दुधाला ४.५ फॅट लागली. पिशवीवर 'स्टँडर्डाइज्ड', म्हणजे फॅट ठरावीक प्रमाणात आणलेलं, असं लिहिलं होतं, आणि त्या प्रकाराला कायद्यानं तेवढीच लागते, ४.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के इतर घनपदार्थ. दूध चोख होतं. भेसळीचा आळ संपला.

पण मी त्या बाटलीकडं बराच वेळ बघत राहिले. आम्ल घातलं तर चरबी वर येते, आत्ती तासभर घुसळते तर येत नाही. म्हणजे चरबी आहे. तिला कशानं तरी धरून ठेवलंय, आणि जे धरून ठेवतंय ते आम्लानं जळतं, घुसळण्यानं तुटत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्तीला घेऊन गंगावेशीत गेले, दूध कट्ट्यावर. तिथं अजूनही म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळ धारोष्ण दुधाचा पेला हातात देतात. दोन लिटर दूध घेतलं. घरी आल्यावर दोन डेरे मांडले, एकात कट्ट्याचं दोन लिटर, दुसऱ्यात पिशवीचं दोन लिटर. दोन्ही सारखीच तापवली, एकाच वाडग्यातलं विरजण सारख्या चमच्यानं लावलं. या वेळी साय वेगळी काढली नाही, सगळ्या दुधाचंच दही लावलं. सकाळी दोन्हीत सारखंच फ्रीजचं पाणी घातलं, रवी तीच, हात आत्तीचेच.

कट्ट्याच्या दुधाचं लोणी पाऊण तासाच्या आत आलं. आधी आवाज बदलला. सळसळ जाऊन जड डुबडुब सुरू झाली. आत्ती मान न वळवता म्हणाली, "आलं." मग रवीच्या पाकळ्यांना पिवळसर-पांढरे दाणे चिकटलेले दिसले. पिशवीच्या डेऱ्यात तेवढाच वेळ, तेवढाच जोर लावला. फेस आला, लोणी नाही.

म्हशीच्या दुधाला फॅट जास्त, सातच्या आसपास, हे मला माहीत होतं. पण ४.५ आणि ७ एवढाच फरक असता तर दुसऱ्या डेऱ्यात पहिल्याच्या निम्म्याहून जास्त लोणी यायला हवं होतं. आलं जवळजवळ शून्य. उन्हाळा दोन्ही डेऱ्यांना सारखा होता. हातही तेच होते. आत्तीनं रवी धुवून खुंटीला लावली आणि बराच वेळ काही बोलली नाही. हातावरचा आळ उतरला होता.

सूक्ष्मदर्शीखाली

शनिवारी प्रयोगशाळा मोकळी असते. दोन्ही दुधांचे नमुने पाण्यात पातळ करून काचपट्टीवर थेंब घेतला आणि ४०० पट मोठं करून बघितलं. आत्तीला स्टुलावर बसवलं, चष्मा काढायला लावला, फोकस तिचा तिला फिरवू दिला.

म्हशीच्या दुधात गोल, चकचकीत गोळे होते. काही मोठे, काही लहान, एकमेकांना खेटलेले, पण एकमेकांत मिसळलेले नाहीत. पिशवीच्या दुधात गोळे असे दिसलेच नाहीत. नुसती बारीक रवाळ धूळ, प्रत्येक कण जागच्या जागी थरथरणारा. ही थरथर पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांची. कण मायक्रोमीटरपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा, लहान झाला की ती डोळ्यांना दिसू लागते.

"हे मोठं गोळं तुपाचं व्हय?" आत्तीनं विचारलं. "मग एकमेकांत मिसळत का न्हाईत? आमटीवरची तर्री तर लगेच मिसळती."

या प्रश्नासाठी मी तिला पैकीच्या पैकी गुण देईन.

गोळे का मिसळत नाहीत

चरबी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच पदार्थ येतो, पण रेणूंच्या पातळीवर त्यात दोन घराणी आहेत. पहिलं ट्रायग्लिसराइडचं. ग्लिसरॉलचा लहानसा कणा आणि त्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या. या शेपट्या कार्बन-हायड्रोजनच्या, पाण्याशी त्यांचं जमत नाही. तूप, तेल, तर्री, दुधातली सुमारे ९८ टक्के चरबी या घराण्यातली. ती पाण्यात टाकली की थेंब होतो, आणि दोन थेंब भेटले की एक होतात. साठवून ठेवायला उत्तम, पण भिंत बांधायला निरुपयोगी.

दुसरं घराणं फॉस्फोलिपिडांचं. कणा तोच, पण शेपट्या दोन, आणि तिसऱ्या जागी फॉस्फेटचं डोकं, त्यावर विद्युत प्रभार. डोकं जलस्नेही, शेपट्या जलविरोधी. एकाच रेणूला पाण्याची ओढही आहे आणि पाण्याचा तिटकाराही. असे रेणू पाण्यात सोडले की ते आपोआप दोन ओळींत उभे राहतात, डोकी बाहेर पाण्याकडं, शेपट्या आत, एकमेकींच्या आडोशाला. त्यांना चिकटवणारा डिंक कुठंच नसतो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्या धरण्यात शेपट्यांना जागा मिळत नाही, आणि त्या बाजूला सारल्या जातात. एवढ्यावर सगळं उभं आहे. म्हणूनच हे पटल फाटलं तर स्वतःहून सांधतं. चार-पाच नॅनोमीटर जाडीचा हा दुहेरी थर म्हणजे आपल्या प्रत्येक पेशीची हद्द.

हे कसं कळलं त्याची गोष्ट सुरू होते एका स्वयंपाकघराजवळ, म्हणून ती इथं सांगायलाच हवी. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग इथं आग्नेस पॉकल्स नावाची बाई आजारी आईवडिलांचं बघत घर चालवत होती. विद्यापीठ तिच्या वाट्याला आलं नाही. पाण्यावरचा तेलाचा तवंग सरकत्या पट्टीनं आवळून मोजायचं साधं भांडं तिनं घरीच बनवलं, आणि १८९१ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांना पत्रानं निष्कर्ष कळवले. त्यांनी ते पत्र 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापवलं. पुढं अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ अर्विंग लँगम्यूर यांनी ती पद्धत आणखी काटेकोर केली. आणि १९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथं गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतली सगळी स्निग्धद्रव्यं ॲसिटोननं काढून अशाच पाण्यावर एका रेणूच्या थरात पसरली. तो पसारा पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट भरला. म्हणजे पेशीभोवती थर एक नाही, दोन आहेत. गंमत अशी की त्यांची स्निग्धद्रव्यं पूर्ण निघाली नव्हती आणि पेशीचं क्षेत्रफळही त्यांनी कमी धरलं होतं. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं आणि उत्तर बरोबर आलं. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशी त्यांनी निवडल्या हे मात्र अचूक होतं, कारण त्यांच्या आत दुसरी पटलं नसतात. जे मिळतं ते सगळं बाहेरच्या भिंतीचंच.

आता म्हशीकडं येऊ. कासेतल्या पेशीत चरबीचा थेंब तयार होतो तेव्हाच त्यावर फॉस्फोलिपिडांचा एकेरी थर बसतो, शेपट्या चरबीत, डोकी बाहेर. थेंब सरकत सरकत पेशीच्या टोकाला येतो आणि बाहेर पडायला पेशीचं पटल आतून ढकलतो. पटल फुटत नाही. ते थेंबाभोवती गुंडाळलं जातं, मागं चिमटलं जातं आणि थेंब ते अंगावर घेऊनच दुधात उतरतो. आतला एकेरी थर, बाहेरचा दुहेरी, असे तीन थर. त्यात फॉस्फॅटिडिलकोलीन आणि स्फिंगोमायलीन ही फॉस्फोलिपिडं आहेत, कोलेस्टेरॉल आहे, पटलाची स्वतःची प्रथिनं आहेत. पेशीपटल बघायला मी मुलांना कांद्याची साल देत आले, आणि दुधाच्या प्रत्येक थेंबात पेशीनं स्वतःच्या हातानं कापून दिलेले लाखो तुकडे तरंगत होते.

आत्तीला हे सांगितलं तेव्हा ती सूक्ष्मदर्शीवरून मान वर न काढता म्हणाली, "म्हंजे म्हशीनं आपल्या अंगावरचं पातळ फाडून गुंडाळून दिलंय की."

वर्गात आता मी हेच वाक्य सांगते.

रवी काय करते

हे कळल्यावर लोणी येणं म्हणजे काय ते आपोआप उलगडतं. घुसळणं म्हणजे त्या अंगावरच्या पातळाला भोक पाडणं. पण नुसत्या आपटण्यानं ते होत नाही, चरबी अर्धी घट्ट, अर्धी पातळ असावी लागते. घट्ट झालेल्या भागाचे स्फटिक पटलातून सुईसारखे बाहेर येतात, शेजारच्या गोळ्यात रुततात, आणि पातळ भाग त्यांना सांधतो. फार उकाडा असेल तर स्फटिकच नाहीत, फार गारठा असेल तर सांधायला पातळ चरबी नाही. सायीचं लोणी १० ते १५ अंशांच्या आसपास नीट धरतं ते यामुळं. उन्हाळ्यात ताकात बर्फाचं पाणी घालायची आत्तीची रीत म्हणजे स्फटिकांची सोय. मामांचं मत अगदीच चुकीचं नव्हतं, पण या प्रकरणातला आरोपी उन्हाळा नव्हता. फाटलेली पटलं ताकात जातात, म्हणून चरबी निघून गेलेल्या ताकातही फॉस्फोलिपिडं भरपूर असतात.

घट्ट आणि पातळ कशानं ठरतं, तर शेपट्यांच्या आकारानं. स्टिअरिक या मेदाम्लाची शेपटी सरळ, ती ६९ अंशांना वितळते. ओलेइक आम्लात कार्बन तेवढेच, १८, पण मध्ये एक दुहेरी बंध आणि तिथं बाक, ते १३ अंशांनाच वितळतं. सरळ काड्यांची मोळी घट्ट बसते, वाकड्या काड्यांची सैल. तूप थिजतं आणि शेंगतेल थिजत नाही ते याच हिशेबानं, आणि पेशीही आपलं पटल याच हिशेबानं सांभाळते. पटल फार घट्ट झालं तर त्यातली प्रथिनांची दारं हलत नाहीत, फार सैल झालं तर नको ते आत झिरपतं. कोलेस्टेरॉल मध्ये बसून दोन्हीकडून आवरतं. त्याच्या नावानं आपण इतकी बोटं मोडतो, पण ते नसतं तर आपल्या पेशींची भिंत धड उभी राहिली नसती. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी पटलाचं जे चित्र मांडलं ते याच वाहत्या थराचं, ज्यात प्रथिनं तरंगत असतात.

मग पिशवीत काय झालं

पिशवीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'पाश्चराइज्ड, होमोजिनाइज्ड'. यातला पहिला शब्द आपण ओळखतो. दुसऱ्याकडं मी तोवर लक्ष दिलं नव्हतं.

होमोजिनायझेशनचं यंत्र फ्रान्सच्या ओग्युस्त गोलँ यांचं, पेटंट १८९९ चं. गरम दूध प्रचंड दाबानं अगदी अरुंद फटीतून काढायचं. चरबीचे गोळे चिंधड्या होऊन मायक्रोमीटरच्या खाली येतात, इतके लहान की वर तरंगून सायीत जमतच नाहीत. म्हणून साय कागदासारखी. पण खरी गोम पुढं आहे. ४.५ फॅटच्या एक लिटर दुधात साधारण ५० घनसेंटिमीटर चरबी. तिचे ४ मायक्रोमीटर व्यासाचे गोळे धरले तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग होतो ७०-७५ चौरस मीटर, एखाद्या बऱ्यापैकी फ्लॅटएवढा. व्यास अर्ध्या मायक्रोमीटरवर आणला की तो आठपट होतो, ६०० चौरस मीटरच्या घरात जातो. म्हशीनं पातळ दिलं होतं ७५ चौरस मीटरला पुरेल एवढं. उरलेलं कुठून आणायचं?

ते दुधातल्याच केसीन प्रथिनातून येतं. उघड्या पडलेल्या चरबीवर केसीन झटकन जाऊन बसतं. हे नवं आवरण जाड असतं, मुळच्या पटलासारखं स्फटिकाच्या टोकानं सहजी भोसकलं जात नाही. गोळेही इतके बारीक की एकमेकांवर आपटले तरी रुतायला तेवढा जोर नसतो. तीन आठवडे आत्ती त्या केसीनच्या भिंतीशी झटत होती. दूध संस्थेतल्या आम्लानं मात्र ती भिंत जाळून टाकली आणि चरबी मोकळी केली.

यात कुणाचा खोटेपणा नाही हे मला ठासून सांगायचंय. असं दूध चहात छान मिसळतं, साय पिशवीला चिकटून वाया जात नाही, पोषणही तेच. लोणी काढायला ते अयोग्य आहे, एवढंच. साय येत नाही म्हणून 'प्लॅस्टिकचं दूध' असले निरोप मोबाईलवर पुढं ढकलणाऱ्यांनी एकदा पिशवीचा कोपरा वाचावा, ही माझी कळकळीची विनंती.

उपाय, आणि त्याची परीक्षा

आत्तीनं ठरवलं की चहापुरतं पिशवीचं दूध ठेवायचं आणि आठवड्यातून तीनदा मामांनी कट्ट्यावरून म्हशीचं आणायचं. लोणी पहिल्याच आठवड्यात परत सुरू झालं.

पण फ्रीजमध्ये पिशवीच्या सायीचं एक भांडं तसंच पडून होतं, आणि माझ्या मनात एक हिशेब राहिला होता. केसीनचं आवरणच आड येत असेल, तर घुसळायच्या भानगडीत न पडता साय तशीच कढवली तर पाणी आटेल, प्रथिन करपून गोळा होईल आणि तूप सुटायलाच हवं. नाही सुटलं तर माझं निदान चुकलं.

आत्तीनं जाड बुडाची कढई ठेवली. पहिली वीस मिनिटं नुसती रटरट, पांढरा खवळता फेस. मग त्याचे दाणे दिसायला लागले, खव्यासारखे. आत्ती उलथन्यानं तळ खरवडत राहिली. वास बदलला, दाणे बदामी झाले, आणि कढईच्या कडेनं एकदम नितळ सोनेरी तूप सुटलं. गाळल्यावर अर्धी वाटी भरलं. बेरी मात्र नेहमीच्या दुप्पट निघाली.

"बेरी एवढी का?" आत्तीनं विचारलं.

"त्यातच ती नवी भिंत हाय, केसीनची. आणि म्हशीच्या पातळाच्या चिंध्याही."

तिनं त्यात साखर घातली, गरम असतानाच वाटीत काढून माझ्या हातात दिली, आणि उरलेलं मामांना ठेवायला फडताळ उघडलं.